आधी माणसानं आडवं व्हायचं

"आजी, झोपायचे तीन प्रकार आहेत बघ," नात मोबाईलवरून वाचून दाखवत होती आणि मी धारवाडच्या सप्तापुरातल्या माझ्या स्वयंपाकघरात चपात्या लाटत होते. "एक, लाकडी कॉटेज. दोन, तंबू, आत पलंग आणि गादी. आणि तीन, सगळ्यात स्वस्त, उघड्या आकाशाखाली, घोड्यांच्या सहवासात."

लाटणं हातातच राहिलं माझ्या. घोड्यांच्या सहवासात झोपायचे पैसे! कप्पाळ माझं! ज्या झोपेपायी शाळेतल्या पोरी माझ्याशेजारी बसायला तयार नसत, ती आता आगाऊ बुकिंग करून मिळते म्हणे, आणि वर सकाळचा नाश्ता फुकट. "अरे, आकाश काय त्यांच्या बापानं टांगलंय?" मी मुलाला विचारलं. तो हसला. पुण्याहून चार दिवसांसाठी आला होता, लेकीला घोडे दाखवायचे होते, आणि अळणावरच्या बाजूला असलेल्या त्या कॅम्पवर माझा थोरला भाऊ अण्णा कामाला होता. "आई, परवडणारं तेच आहे. आणि अण्णामामाही भेटेल," तो म्हणाला. अण्णाचं नाव निघाल्यावर मी पुन्हा लाटायला लागले. बरेच महिने झाले होते त्याला भेटून, आणि का ते सांगायचं आत्ता जिवावर येतंय.

धारवाड सोडलं की तासाभरात झाडी दाट होते, हवेत सागाच्या पानांचा तुरट वास येतो. गाडीतून उतरले आणि पायाखालची माती ओळखीची लागली. लाल, मऊ, टाचेखाली दबणारी. समोर आंब्याची जुनी झाडं, त्यांच्या खोडांना दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या. आणि पलीकडे ती दगडी डोणी, जनावरांना पाणी पाजायची. मी तिथंच उभी राहिले. ही आमची आमराई! आप्पांच्या मुक्कामाची आमराई! त्या डोणीत आमच्या घोड्या पाणी प्यायच्या, आणि आता तिच्यात कमळं सोडून शेजारी फोटो काढायची पाटी लावली होती. घोड्यांना प्लास्टिकच्या बादल्या. माझं डोकं तिथंच फिरलं, पण नात हात धरून ओढत होती म्हणून पुढं गेले.

आप्पा म्हणजे माझे वडील, धारवाडचे. आडदिवसांत टांगा, आणि लग्नसराईत नवरदेवाची घोडी. तीन जनावरं होती. चैत्र लागला की अळणावरच्या अवतीभवतीच्या गावांतून बोलावणी यायची आणि आप्पा घोड्या घेऊन चालत निघायचे. अण्णा बरोबर असायचाच, आणि शाळेला सुट्टी म्हणून मीही. आईनं बांधून दिलेल्या ज्वारीच्या कडक भाकऱ्या, शेंगाचटणी, भिजवलेल्या हुलग्यांची पिशवी. हुलगे माणसांचे नव्हेत, घोड्यांचे. पण दुसऱ्या दिवशी त्यांना बारीक मोड यायचे आणि अण्णा नि मी घोडीच्या तोंडाला बांधायच्या तोबऱ्यात हात घालून चोरून खायचो. कच्चट, मातकट चव. आजही कुठं हुलगे शिजताना वास आला की माझी भूक खवळते.

चालण्याचा आवाज अजून कानांत आहे. डांबरी रस्त्यावर टापा टणटण वाजायच्या आणि कच्च्या वाटेला लागलं की एकदम मुक्या व्हायच्या. मग नुसत्या घुंगुरमाळा. वरातीचा साज पिशवीत असायचा, पण पिशवी खोगिराला बांधलेली, म्हणून प्रत्येक पावलाला आत काहीतरी किणकिणत राहायचं. सूर्य कलला की आप्पांचं लक्ष रस्त्यावरून उडायचं. मुक्कामाची जागा बघायला लागायचे.

आणि ती जागा बघणं म्हणजे काय सांगू! मुलीसाठी स्थळ बघताना इतके प्रश्न विचारत नाहीत लोक. देवळाची ओवरी स्वच्छ असायची, पण फरशीवर टाप घसरते. शाळेचा व्हरांडा फुकट मिळायचा, पण घोडी बांधायची लांब, चिंचेला. कडब्याच्या गंजीखाली ऊब छान, पण तिथं साप. आप्पा वाकून माती मुठीत घ्यायचे, वास घ्यायचे, वारुळं बघायचे, मग पायातली चप्पल काढून अनवाणी दोन येरझाऱ्या घालायचे. एखादा खडा टोचला की तोंड वाकडं. अळणावरात स्टेशनाजवळ एक लॉज होतं, खाटा असलेलं. मी दरवर्षी हट्ट करायची, "आप्पा, एकदा तरी खाटेवर." आप्पा म्हणायचे, "खाटेवर तू झोपशील, बाळ. पण घोडी कुठं झोपंल?"

"घोडे उभ्या उभ्याच झोपतात की," मी म्हटलं एकदा. शाळेत बाईंनी सांगितलं होतं.

"डुलकी काढत्यात उभ्यानं. झोप आडवं पडल्याबिगर येत न्हाई," आप्पा म्हणाले. "आणि नव्या जागी घोडी अशी पडणार न्हाई. तिला भ्या वाटतंय. आधी माणसानं आडवं व्हायचं. घरच्या माणसानं. मग ती पडती."

हा आमच्या घरचा नेम होता. मुक्कामाची जागा ठरली की मेख ठोकायची, दावं बांधायचं, खरारा फिरवायचा, पाठीवरची कांबळी काढायची. ती दिवसभराच्या घामानं ओली असायची. तीच अंथरायची, दाव्याच्या अंतरात, घोडीच्या डोक्याच्या बाजूला. आणि त्यावर घरातल्या एकानं जाऊन निजायचं. झोप आली नाही तरी निजायचं. मग आप्पा घोडीशी कानडीत बोलायचे. माणसांशी आम्ही मराठी बोलायचो, पण घोड्यांना कानडीच कळते अशी आप्पांची खात्री होती. "मक्को अव्वा, मक्को," म्हणायचे. नीज गं बाई, नीज. घोडी एकदा वाकून आमचं डोकं हुंगायची, गरम श्वास मानेवर यायचा, मग पुढचे पाय दुमडायचे, धप्पकन माती दबायची, आणि एक लांब सुस्कारा. तो सुस्कारा ऐकला की आप्पा बिडी पेटवायचे, आधी नाही. कडुनिंबाच्या पाल्याचा धूर, बिडीचा धूर आणि लांबून अळणावरच्या गाडीची शिट्टी. झोप कधी लागायची कळायचंच नाही.

कांबळीवर निजायची माझी पाळी असली की मला राग यायचा, हेही सांगून टाकते. ती टोचायची. केसांत वास बसायचा तो जूनमध्ये शाळा सुरू झाली तरी जायचा नाही. वर्गात पोरी नाकाला रुमाल लावायच्या आणि बाईसुद्धा मला खिडकीजवळ बसवायच्या. रडत घरी आले की आई शिकेकाईनं केस चोळायची आणि अण्णा बाजूला उभा राहून म्हणायचा, "मला तर आवडतोय वास." त्याला शाळेतून कधीच काढलं होतं, त्याला काय कळणार, असं मला वाटायचं.

एका लग्नघरची गोष्ट मात्र अजून आठवली की माझ्या अंगाची लाही होते. मोठं घर, जमीनजुमला, दारात मांडव. वरात झाली, नवरदेव उतरला, आणि यजमानांनी आप्पांना आतल्या सोप्यात खाट टाकली. घोडी मात्र गावाबाहेर, खळ्यावर बांधायला सांगितली, कारण दारात लीद पडते. आप्पा म्हणाले, "खाट नको. मी खळ्यावरच निजतो." यजमानांना तो अपमान वाटला. चार लोकांत बोलले, टांगेवाल्याला खाट झेपेना म्हणाले, हसले. आप्पांनी पागोटं काढून खांद्यावर टाकलं आणि आम्हाला घेऊन अंधारातून चालू लागले. खळ्यावर कांबळीवर पडल्यावर मात्र त्यांना राग आला. "पोरगं तिच्या पाठीवर बसून मिरवलं, तवा तिचा वास आला न्हाई व्हय यांना?" म्हणाले. तेवढंच. मी आठ-नऊ वर्षांची असेन. त्या रात्री मी आपणहून कांबळीवर झोपले, माझी पाळी नसताना.

आता तिसऱ्यांदा विषय भलतीकडं जातोय. कॅम्पवर येते.

अण्णा दिसला तो कुंपणाजवळ, बादली घेऊन. अंगात कॅम्पचा हिरवा शर्ट, छातीवर घोड्याचं चित्र. अडुसष्ट वर्षांचा माणूस, आणि त्याला ती टोपी घालायला लावली होती, सिनेमातल्या गुराख्याची. "आलीस व्हय, तंगी? बा, कुंद्र," म्हणाला, आणि बसायला स्वतःची बादली पालथी घातली. तंगी म्हणजे धाकटी बहीण. मला दुसऱ्या नावानं त्यानं कधी हाकच मारली नाही.

त्याच्यामागं बंगारी उभी होती. आप्पांच्या शेवटच्या घोडीची नात. कानडीत बंगार म्हणजे सोनं, आणि रंग तसाच, पण आता तोंडावर पांढरं आलेलं. मी जवळ गेले आणि बघतच राहिले. पुढच्या दोन्ही पायांचे गुडघे सोललेले. खुरांच्या वरचे सांधेही खरचटलेले, त्यावर हळद लावलेली. डोळे अर्धे मिटलेले.

"हे काय रे अण्णा? पडली?"

"पडती की, रोज," अण्णा म्हणाला. "उभ्यानं झोप लागली की पाय दुमडत्यात, गुडघ्यावर आपटती, परत उठती. तीन आठवडे झाले, आडवी झाली न्हाई."

"का?"

अण्णानं कुंपणाकडं बोट केलं. लोखंडी जाळी, नवीकोरी, माणसाच्या डोक्याइतकी उंच. अलीकडे घोडे आणि पाहुण्यांच्या चटया. पलीकडे पत्र्याची शेड, तिथं कामगारांनी झोपायचं. आधी अण्णा घोडीजवळच निजायचा. मग स्वस्तातली जागा लोकांना फार आवडायला लागली, दाव्याशेजारच्या चटया विकल्या जाऊ लागल्या, आणि कामगार मधे नकोत म्हणून जाळी आली. रात्री नऊला फाटक बंद. बाकीचे घोडे तरणे, कळपात वाढलेले, कुठंही लोळतात. बंगारीला जन्मापासून माणूस शेजारी लागतो.

माझ्या कपाळाची शीर उडायला लागली. म्हणजे माझ्या भावाची झोपायची जागा त्यांनी विकायला काढली होती, आणि ती विकत घेणारी मी! सगळ्यात स्वस्त, परवडणारी! मी तडक कचेरीत गेले. व्यवस्थापक म्हणून एक तरुण मुलगा होता, हुबळीचा, फार सभ्य. पाणी दिलं, खुर्ची दिली. सभ्य माणसावर ओरडायला जास्त दम लागतो, पण मी पस्तीस वर्षं मुलांना शिकवलंय.

"घोडी उपाशी नाही, मॅडम. डॉक्टरही बघून गेले," तो म्हणाला. "घोडे उभ्यानंच झोपतात ना?"

"कुणी सांगितलं? तिचे गुडघे बघ जाऊन! माझ्या भावाला आज रात्री आत सोड. माझ्या चटईवर झोपेल तो. पैसे भरलेत आम्ही."

"पाहुण्यांच्या भागात कामगारांना परवानगी नाही. माझ्या हातात नाही हो ते. मालकांचा नियम आहे." मग तो थोडा घुटमळला. "आणि खरं सांगू का, मॅडम? आम्ही निदान जागा तरी दिली. अण्णा पहिल्या दिवशी आले तेव्हा घोडीला चार ठिकाणी नाही म्हटलं होतं. घरच्यांनासुद्धा वास चालत नाही म्हणाले."

तो टोमणा नव्हता. घरचे म्हणजे कोण हे त्या मुलाला ठाऊकच नव्हतं. पण मला ठाऊक होतं.

धारवाडातली तबेल्याची जागा गेली तेव्हा अण्णा बंगारीला घेऊन माझ्या फाटकाशी आला होता. घरामागं मोकळी जागा आहे माझ्या, वीस पावलं लांब, दहा रुंद, कढीपत्ता आणि एक पेरू. बाकी रिकामी. तो फाटकाबाहेरच उभा होता, दावं हातात. मी आत बोलावलं नाही. "अण्णा, शेजारी प्राध्यापक लोक राहतात रे. वास येतो, माश्या होतात. लोक काय म्हणतील?" असं मी म्हटलं. मी! जिच्या केसांतून तो वास कधी गेलाच नाही, तिनं! अण्णा म्हणाला, "होगली बिडु." जाऊ दे, सोड. आणि घोडीचं तोंड वळवून गेला. मी दार लावून घेतलं आणि चहा टाकला. त्या लग्नघरच्या यजमानाला मी आयुष्यभर शिव्या दिल्या, आणि त्यानं निदान खळं तरी दिलं होतं.

कचेरीतून बाहेर आले तेव्हा मला कुणाशी भांडावं तेच कळेना. माझा मुलगा विचारत होता काय झालं.

जेवणं झाली, पाहुणे चटयांवर पसरले, नात माझ्या मुलाच्या कुशीत झोपली. मी अण्णाकडून बंगारीची कांबळी मागून घेतली आणि तिच्या डोक्याशी अंथरली. गुडघे दुखतात माझे, खाली बसायलाच दोन मिनिटं लागली. पण मी घरचं माणूस होते की नाही? आडवी झाले. तोंडानं म्हटलं, "मक्को अव्वा, मक्को." बंगारी वाकली, माझं डोकं हुंगलं, केस हुंगले, परत हुंगले. आणि मान वर करून उभी राहिली.

ती ओळखतच नव्हती मला. कशी ओळखणार? केसांना सुगंधी तेल, अंगाला पावडर. मी तिला कधी हात लावला होता? जाळीपलीकडून अण्णानं हळूच हाक दिली, "मक्को, बंगारी, मक्को." तिचे कान तिकडं वळले. ती दावं ताणून जाळीकडं दोन पावलं गेली, तिथंच थांबली. अण्णा जाळीला टेकून जमिनीवर आडवा झाला होता, सिमेंटवर, पण ते अंतर दाव्याबाहेरचं होतं. मी कांबळीवर पडून दोघांकडं बघत राहिले आणि मला इतका संताप आला की रडू फुटलं. जाळीचा संताप, टोपीचा संताप, कमळांचा संताप, आणि सगळ्यांत जास्त माझ्या त्या सप्तापुरातल्या फाटकाचा.

फटफटलं तेव्हा बंगारीचे डोळे मिटले. मग पाय दुमडले आणि एवढं मोठं जनावर माझ्यासमोर गुडघ्यांवर कोसळलं. हळद उडाली, रक्त आलं. ती धडपडून उठली आणि लाज वाटल्यासारखी तोंड वळवून उभी राहिली.

मी उठले, फाटकाशी गेले आणि कडी वाजवत सुटले. आठ-दहा पाहुणे जागे झाले. कुणीतरी म्हणालं, "अहो आजी, झोपू द्या ना!" मी म्हटलं, "झोपा की! तुमचीच झोप महत्त्वाची, पैसे भरलेत तुम्ही!" फाटक उघडल्यावर अण्णा धावत आला, आधी घोडीकडं, मग माझ्याकडं.

"सोड तिला," मी म्हटलं. "चल."

"काम जाईल, तंगी."

"जाऊ दे."

"आणि हिला घेऊन कुठं जाऊ?"

"घरी."

"कुणाच्या?" त्यानं विचारलं. अगदी साधं विचारलं, खरंच माहीत नव्हतं म्हणून. त्याच्या आवाजात राग असता तर बरं वाटलं असतं मला.

"माझ्या," मी म्हटलं. "अण्णा, चुकलं माझं. चल."

त्यानं टोपी काढून जाळीच्या खांबावर ठेवली आणि बंगारीचं दावं सोडलं.

ती दोघं चालत आली, जखमी पायानं हळूहळू, दीड दिवस. मी मोटारीनं पुढं आले आणि मागची जागा झाडून काढली. खडे वेचले. चप्पल काढून अनवाणी येरझाऱ्या घातल्या आणि जिथं टोचलं तिथं पुन्हा वेचले. मुलानं पेरूखाली मेख ठोकली, पहिली वाकडी गेली म्हणून दुसरी ठोकली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णा आला आणि फाटकाबाहेर थांबला. मी दोन्ही दारं सताड उघडली तरी हलेना. हात धरून आत घेतलं तेव्हा आला.

सकाळी आठच्या सुमाराला शेजारचे सर कंपाउंडवरून डोकावले. निवृत्त माणूस, हातात पेपर, नाकाला रुमाल. मागं पेरूखाली अण्णा कांबळीवर घोरत होता, आणि त्याच्याशेजारी बंगारी चारी पाय पसरून जमिनीवर आडवी, मान मातीत टाकलेली, ऊन पोटावर आलं तरी.

"मॅडम, हे काय चाललंय? केवढा वास येतोय!" सर ओरडले.

"सर, जे काय बोलायचं ते हळू बोला," मी म्हटलं. "ती झोपलीय."